शिंगराचा ब्लड रिपोर्ट 'ॲबनॉर्मल', शिंगरू मात्र ठणठणीत! असं का होतं?

घोडीला शिंगरू झालं की साधारण तासाभरात ते लटपटत का होईना, पण उभं राहतं. दोनेक तासांत आईला पिऊ लागतं. दुसऱ्या दिवशी तर आईच्या मागे पळतही असतं. घोडेवाले आणि पशुवैद्य या पहिल्या काही तासांकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतात. कारण उभं राहायला किंवा प्यायला उशीर झाला, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांना ठाऊक असतं.

आता समजा, अशाच एका तरतरीत शिंगराचं रक्त काढलं आणि ते साकळायला किती वेळ लागतो हे तपासलं. रिपोर्ट आला. शेजारी मोठ्या घोड्यांची 'नॉर्मल रेंज' छापलेली आहे आणि शिंगराचे दोन-तीन आकडे त्या रेंजच्या बाहेर आहेत. रक्त साकळायला वेळ जास्त लागतोय. फायब्रिनोजेन कमी. अँटिथ्रॉम्बिनही कमी.

मालकाच्या पोटात गोळा येतो. शिंगराला मात्र काहीही झालेलं नसतं.

मग चूक कोणाची? रक्ताची, मशिनची, की शेजारी छापलेल्या त्या रेंजची? बहुतेक वेळा रेंजची. पण 'बहुतेक वेळा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण उरलेल्या वेळी शिंगराचा जीव खरोखर धोक्यात असतो.

रक्त साकळतं म्हणजे नेमकं काय होतं?

बोट कापलं की आधी प्लेटलेट्स तिथे गोळा होतात आणि भोकाला तात्पुरतं बूच मारतात. पण हे बूच कच्चं असतं. त्यावर पक्कं जाळं विणायचं काम रक्तातली प्रथिनं करतात. त्यांनाच क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात. फॅक्टर दोन, सात, आठ, नऊ, दहा असे त्यांना नंबर आहेत. एक जागा झाला की तो पुढच्याला जागं करतो, रिले शर्यतीसारखं. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते प्लाझ्मात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे करतं. धाग्यांचं जाळं म्हणजे गुठळी.

ही गाडी सुटली की थांबवायला ब्रेकही लागतात, नाहीतर कापलेल्या बोटापासून सुरू झालेली गुठळी अंगभर पसरेल. अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही ब्रेक लावणारी प्रथिनं. यातली बहुतेक प्रथिनं यकृतात तयार होतात. माणूस असो की घोडा, यंत्रणा ढोबळमानाने सारखीच आहे.

ती तपासायच्या दोन नेहमीच्या टेस्ट म्हणजे पीटी आणि एपीटीटी. ऑपरेशनच्या आधी घरातल्या कोणाचं तरी रक्त तपासलं असेल, तर ही नावं कागदावर दिसली असतील. दोन्हींत तत्त्व एकच: प्लाझ्मात रसायन टाकायचं, घड्याळ लावायचं आणि किती सेकंदांत गुठळी होते ते मोजायचं. माणसात एपीटीटी साधारण २५ ते ३५ सेकंद येतो. मोठ्या, निरोगी घोड्यात ४०-५० सेकंदही नॉर्मल असू शकतात. म्हणजे माणसाची रेंज लावली तर रेसकोर्सवरचा जिंकणारा घोडासुद्धा पेशंट ठरेल.

एकेक फॅक्टर वेगळा मोजायचा तर आकडा टक्क्यांत येतो. हे टक्के कशाचे? अनेक निरोगी घोड्यांचा प्लाझ्मा एकत्र मिसळतात आणि त्याला १०० टक्के धरतात. तुमच्या घोड्याचा आकडा म्हणजे त्या मिश्रणाशी केलेली तुलना. मिश्रणातले घोडे कोणते, किती वयाचे, यावर तो आकडा हलतो. आणि मिश्रण घोड्याऐवजी माणसाच्या प्लाझ्माचं घेतलं, तर त्या टक्क्यांना फारसा अर्थच उरत नाही.

शिंगरू 'कमी' घेऊनच जन्मतं

पोटात असताना शिंगराला आईकडून ऑक्सिजन मिळतो, अन्न मिळतं. पण क्लॉटिंग फॅक्टर ही मोठी प्रथिनं आहेत, ती वारेतून पलीकडे जात नाहीत. आईच्या रक्तात ती भरपूर असली तरी पिल्लाला उपयोग नाही. त्याला ती स्वतःच्या यकृतात बनवावी लागतात आणि जन्माच्या वेळी हा कारखाना पूर्ण क्षमतेने चाललेला नसतो.

घोड्यांची वार तर या बाबतीत फारच कडक. माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती, म्हणजे अँटिबॉडी, पोटात असतानाच मिळतात. शिंगराला त्याही मिळत नाहीत. त्या सगळ्या त्याला चिकातून घ्याव्या लागतात. (गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपल्याकडे खरवस करतात, तेच घोडीचं पहिलं दूध.) आणि ते पहिल्या दिवसातच प्यावं लागतं, कारण साधारण २४ तासांनंतर शिंगराचं आतडं या अँटिबॉडी आत घेणं बंद करतं.

तर जन्माच्या वेळी चित्र असं असतं: पीटी आणि एपीटीटी मोठ्या घोड्यांपेक्षा लांबलेले, फायब्रिनोजेन कमी, अँटिथ्रॉम्बिन कमी. पुढच्या दिवसांत, आठवड्यांत हे आकडे सरकत जातात आणि महिन्याभराचं होईपर्यंत बरेचसे मोठ्या घोड्यांच्या जवळ येतात. सगळे एकाच वेगाने नाही. एखादं प्रथिन आठवड्यात पोचतं, एखादं रेंगाळतं. दोन सख्ख्या शिंगरांमध्येही फरक दिसतो.

आता प्रश्न पडेल की फॅक्टर कमी, तर मग शिंगराला रक्तस्राव का होत नाही? नाळ तुटते तेव्हाच ते वाहून जायला हवं होतं.

उत्तर त्या ब्रेकमध्ये आहे. ॲक्सिलरेटर कमी दाबलेला आहे, पण ब्रेकही तितकाच सैल आहे. दोन्ही पारडी खाली आहेत, म्हणून तराजू सरळ राहतो. पीटी आणि एपीटीटी या टेस्टना मात्र हे कळत नाही. त्या प्रामुख्याने गुठळी किती लवकर सुरू होते तेवढंच मोजतात. अँटिथ्रॉम्बिन कमी आहे याचा दिलासा त्यांच्या सेकंदांत नीट उतरत नाही.

माणसांच्या बाळांबाबतही डॉक्टरांना हे उशिराच समजलं. कॅनडातल्या डॉ. मॉरीन अँड्र्यू यांनी १९८० च्या दशकात नवजात बाळांचे फॅक्टर वयानुसार मोजून दाखवले आणि बाळाचं रक्त म्हणजे मोठ्या माणसाच्या रक्ताची बिघडलेली आवृत्ती नाही, त्याची स्वतःची घडी आहे, हे पक्कं केलं. (जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात, ते यातल्याच काही फॅक्टरसाठी. दोन, सात, नऊ आणि दहा हे फॅक्टर व्हिटॅमिन के असल्याशिवाय कामाला लागत नाहीत.)

मग दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही

खरी पंचाईत इथे आहे. नवजात शिंगरं दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे सेप्सिस, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. चीक नीट मिळाला नाही तर धोका आणखी वाढतो. सेप्सिसमध्ये शरीरभर बारीक गुठळ्या होऊ लागतात, त्यात फॅक्टर खर्ची पडतात, ब्रेकची प्रथिनंही संपतात. मग रिपोर्टवर काय दिसतं? पीटी, एपीटीटी लांबलेले. अँटिथ्रॉम्बिन कमी.

म्हणजे निरोगी नवजात शिंगराचे आकडे ज्या बाजूला झुकलेले असतात, मरणाच्या दारातल्या शिंगराचेही त्याच बाजूला. फरक दिशेचा नाही, अंतराचा आहे. आणि अंतर मोजायचं तर सुरुवात कुठून होते ते माहीत हवं. 'एक दिवसाच्या निरोगी शिंगराचा आकडा किती असतो' हे ठाऊक नसेल, तर चुका दोन्हीकडून होतात. ठणठणीत शिंगराला प्लाझ्मा चढवला जातो, किंवा आजारी शिंगराचा रिपोर्ट बघून 'अहो, या वयात असंच असतं' म्हणून हातातले तास घालवले जातात. दुसरी चूक जास्त महाग पडते. सेप्सिस झालेलं शिंगरू सकाळी थोडं सुस्त वाटतं आणि संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतं.

फायब्रिनोजेनची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त मजेशीर आहे. हे प्रथिन गुठळी करतंच, शिवाय शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असला की यकृत ते जास्त बनवू लागतं. म्हणून घोड्यांचे डॉक्टर वर्षानुवर्षं ते आजाराची खूण म्हणून मोजत आलेत. मोठ्या घोड्यात १०० मिलीलीटरमागे साधारण २०० ते ४०० मिलीग्रॅम नॉर्मल. पण हा आकडा वाढायला दिवस-दोन दिवस जावे लागतात. त्यामुळे जन्मल्या दिवशीच शिंगराचं फायब्रिनोजेन खूप वाढलेलं निघालं, तर पशुवैद्य चपापतात. कारण त्याचा अर्थ असा, की संसर्ग आईच्या पोटातच सुरू झाला होता.

ते मोजायची जुनी पद्धत तर स्वयंपाकघरात शोभेल अशी. प्लाझ्मा ५६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तीनेक मिनिटं ठेवायचा. फायब्रिनोजेन साकळून तळाला बसतं. आधीची आणि नंतरची प्रथिनं मोजायची, वजाबाकी करायची, झालं. स्वस्त आणि झटपट, पण ढोबळ. ३०० आणि ४०० मधला फरक या पद्धतीत खरा धरता येत नाही. तरीही मालक लोक दोन रिपोर्ट शेजारी ठेवून शंभरने वाढलं म्हणून काळजी करत बसतात.

'नॉर्मल' ठरवतं कोण?

रिपोर्टवरची रेंज आभाळातून पडत नाही. निरोगी प्राणी गोळा करायचे, शक्यतो १२० तरी, त्यांचे आकडे मोजायचे, आणि वरचे अडीच टक्के, खालचे अडीच टक्के कापून मधले ९५ टक्के घ्यायचे. ही झाली नॉर्मल रेंज.

यातली गंमत लक्षात आली का? कापलेले पाच टक्के प्राणीही निरोगीच होते! म्हणजे दर २० निरोगी घोड्यांमागे एक घोडा कोणत्याही टेस्टमध्ये 'ॲबनॉर्मल' येणार, हे व्याख्येतच ठरलेलं आहे. आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या १० टेस्ट एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी घोड्याचीही किमान एक टेस्ट रेंजबाहेर जायची शक्यता ४० टक्के. 'फुल बॉडी चेकअप'वाल्या पॅकेजमध्ये एखादा लाल बाण का येतोच, त्याचं एक कारण हेच.

१२० निरोगी मोठे घोडे मिळवणं एक वेळ जमेल. पण १२० निरोगी, एकाच दिवसाची, एकाच जातीची शिंगरं? घोडी ११ महिने गाभण राहते आणि जवळपास नेहमी एकच शिंगरू देते. त्यामुळे शिंगरांच्या रेंज बऱ्याचदा थोड्या जनावरांवर बेतलेल्या असतात. त्यातून प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, मशिन वेगळं. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या रेंजशी ताडून बघणं म्हणजे इंचाच्या पट्टीने मोजून सेंटिमीटर सांगणं.

निरोगी लोकांमध्येही फरक किती असतो, याचं माणसाचं उदाहरण बघा. फॅक्टर आठ ५० टक्के असो की १५० टक्के, दोन्ही नॉर्मल. तिप्पट फरक! ओ रक्तगटाच्या लोकांत तो इतरांपेक्षा सरासरी कमीच असतो, आणि ती माणसं मजेत जगतात. घोड्यांचे रक्तगट वेगळे असल्याने ओ गटाचा नियम त्यांना लागत नाही, पण प्रत्येकाची पातळी वेगवेगळी, हे तिथेही खरं.

सुई टोचण्याआधीच आकडा बदलतो

घोड्याच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, लाल पेशींचा मोठा साठा असतो. घोडा बिथरला किंवा पळाला की ती आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्त दाट होतं, त्यात प्लाझ्माचा वाटा घटतो. आता क्लॉटिंगच्या टेस्टसाठी निळ्या झाकणाची नळी वापरतात. तिच्यात रक्त साकळू न देणारं सायट्रेट आधीच भरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. प्लाझ्मा कमी असेल तर तेवढंच सायट्रेट त्याला जास्त होतं आणि सेकंद उगाच लांबतात. नळी अर्धवट भरली तरी तेच. धडपडणाऱ्या शिंगराच्या मानेतून नळी काठोकाठ भरून घेणं किती सोपं असेल, याची कल्पना करा.

भरीला, दौडीनंतर फॅक्टर आठ वाढतो. म्हणजे सकाळच्या सरावानंतर काढलेलं रक्त आणि तबेल्यात निवांत उभ्या घोड्याचं रक्त एकसारखं नसतं.

घोड्याच्या रक्ताने डॉक्टरांना फसवायची ही पहिली वेळ नाही. पूर्वी युरोपात रोग्याचं रक्त काढून भांड्यात ठेवत. साकळलेल्या रक्तावर पिवळट साय धरली की शरीरात दाह आहे, असं मानलं जाई. घोड्याच्या लाल पेशी मात्र नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून भराभर तळाला जातात आणि रक्त साकळतं सावकाश. त्यामुळे धडधाकट घोड्याच्या रक्तावरही ही साय दिसते. माणसाचा निकष लावला तर जगातले सगळे घोडे आजारी! पण याच गुणामुळे शास्त्रज्ञांना घोड्याचा प्लाझ्मा सहज मिळाला. स्वीडनच्या ओलोफ हॅमरस्टेन यांनी १८७० च्या दशकात फायब्रिनोजेन वेगळं काढलं, ते घोड्याच्या रक्तातूनच. आपल्या हाफकिनमध्ये सर्पदंशाची लस बनते, तीही घोड्याच्या प्लाझ्मातून.

टेस्ट बिघडलेली, रक्त नाही

बेल्जियन जातीच्या आणि मिनिएचर घोड्यांच्या काही घराण्यांत प्रीकॅलिक्रेन नावाचं प्रथिन जन्मतः फार कमी असतं. त्यांचा एपीटीटी भलताच लांबतो. रक्तस्राव? नाही. काचेच्या नळीत गुठळी सुरू करायला हे प्रथिन लागतं, अंगात नाही.

माणसांत याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वेत काम करणारे जॉन हेगमन. १९५५ साली त्यांच्या नावाने फॅक्टर बारा नोंदला गेला, कारण त्यांच्यात तो नव्हता. नळीत त्यांचं रक्त साकळायला फार वेळ लागायचा, पण जखमेतून कधी जास्त वाहिलं नाही. १९६८ साली पडून हाड मोडल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला, तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीमुळे. ज्यांचं रक्त कागदावर साकळतच नव्हतं, ते गुठळीने गेले.

याच्या उलट टोकाला हिमोफिलिया आहे. घोड्यांतही तो होतो, थरोब्रेडमध्ये १९६० च्या दशकापासून नोंदलेला आहे. माणसांसारखाच तो नरांना होतो आणि आईकडून येतो. फॅक्टर आठ अगदी तळाला असतो, सांधे सुजतात, साध्या धक्क्याने रक्ताच्या गाठी येतात. इथे रिपोर्ट आणि शिंगरू एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे शंका राहत नाही. शंका राहते ती आईबद्दल. दोष वाहणाऱ्या घोडीत फॅक्टर आठ साधारण निम्मा असतो, आणि निरोगी घोडीचा खालचा आकडाही त्याच्या आसपास येऊ शकतो. एका टेस्टवरून घोडीवर शिक्का मारणं म्हणूनच धोक्याचं असतं.

आणि रेसमधले 'ब्लीडर'?

धावून आल्यावर घोड्याचा घोळणा फुटलेला दिसला की पूर्वी रक्तालाच दोष द्यायचे. इंग्लंडमधला १७१६ सालचा बार्टलेट्स चिल्डर्स तर 'ब्लीडिंग चिल्डर्स' म्हणूनच ओळखला जायचा. तो रेसमध्ये उतरलाच नाही. पण त्याचा खापरपणतू... नाही, नीट मोजलं तर पणतू, म्हणजे १७६४ साली जन्मलेला एक्लिप्स. आजच्या बहुसंख्य थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ एक्लिप्सपर्यंत जाते.

आता माहीत आहे की हे रक्त नाकातलं नसतं, फुप्फुसातलं असतं. सुसाट पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब इतका वाढतो की त्या फाटतात. रेसनंतर दुर्बीण घालून बघितलं तर साधारण निम्म्या घोड्यांच्या श्वासनलिकेत थोडंफार रक्त सापडतं. त्यातल्या बहुतेकांचे क्लॉटिंग फॅक्टर व्यवस्थित असतात. तरीही एखाद्या तरुण घोड्याच्या नाकातून रक्त आलं आणि नेमका त्याच आठवड्यात एपीटीटी दोन सेकंदांनी रेंजबाहेर निघाला, की 'याचं रक्तच पातळ आहे' ही अफवा तबेल्यात पसरायला वेळ लागत नाही. विक्रीच्या वेळी घोड्याची किंमत पडायला तेवढं पुरतं.

जाणते पशुवैद्य अशा वेळी आधी जनावर बघतात. हिरड्यांवर लाल ठिपके आहेत का, सुई टोचलेल्या जागी रक्त थांबलं का, नाळेची जागा कोरडी आहे का, दूध पितंय का. मग नळी नीट भरून पुन्हा रक्त घेतात. आणि त्याच वेळी शेजारच्या ठाणावरच्या, त्याच वयाच्या, निरोगी शिंगराचंही रक्त घेऊन दोन्ही नळ्या एकाच लॅबला एकत्र पाठवतात. दोघांचे सेकंद सारखेच लांबलेले आले, तर रिपोर्ट फाईलला लागतो. एकाचेच लांबलेले आले, तर त्याच रात्री उपचार सुरू होतात.